रक्त, लोह आणि वर्गातील मूल

पंचगंगेचा पूल ओलांडून पुण्याच्या रस्त्याला लागले की पुलाची शिरोली येते आणि तिच्या लगतच औद्योगिक वसाहतीचे कारखाने सुरू होतात. येथील भट्ट्यांत लोखंड वितळते, साच्यांत ओतले जाते आणि यंत्रांचे सुटे भाग होऊन दूरदूर जाते. अशा ठिकाणच्या शाळेत ‘लोह’ हा शब्द फळ्यावर लिहिला तर त्याचा अर्थ मुलांना सांगावा लागत नाही. कोणाचे वडील भट्टीवर असतात, कोणाचा भाऊ साचे भरण्याच्या कामावर, तर कोणाचे सारे कुटुंबच बिहार-ओडिशाकडून या कामासाठी येऊन राहिलेले असते. म्हणून रक्ताचा पाठ या परिसरात लोखंडापासून सुरू करावा, असे आमचे मत आहे.

प्रौढ मनुष्याच्या संपूर्ण देहात लोह किती असते? अवघे तीन ते चार ग्रॅम. एक लहानसा खिळा, एवढेच. कारखान्याच्या अंगणात याहून अधिक लोखंड रोज केरात जाते. परंतु हा खिळाभर साठा अपुरा पडला, तर मूल चढण चढताना धापा टाकते, तिसऱ्या तासाला पेंगते, पाढा पाठ होत नाही म्हणून शिक्षा भोगते आणि अखेरीस ‘मठ्ठ’ ठरते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या दर शंभर बालकांपैकी सुमारे ६९ बालके, व १५ ते ४९ वर्षे वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी सुमारे ५४ स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. हीच बालके पुढे पहिलीच्या वर्गात आपल्यासमोर येऊन बसतात.

रक्ताची सर्वसाधारण माहिती पाठ्यपुस्तकांत असते, म्हणून येथे ती थोडक्यात देतो. प्रौढाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते. पंचवीस किलो वजनाच्या मुलाच्या अंगात दोन लिटरांहून थोडे कमी. रक्ताचा निम्म्याहून अधिक भाग पिवळसर द्रवाचा असतो व त्यात तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठविण्यास साहाय्य करणाऱ्या बिंबिका तरंगत असतात. या बिंबिकांनाच लोक ‘प्लेटलेट’ म्हणतात, आणि डेंग्यूच्या साथीमुळे हा शब्द आता घरोघरी पोहोचला आहे. तांबडी पेशी अस्थिमज्जेत तयार होते आणि सुमारे १२० दिवस जगते. तिच्यात हिमोग्लोबिन, म्हणजेच रक्तारुण, हे द्रव्य भरलेले असते. फुप्फुसातील प्राणवायू उचलून स्नायूंपर्यंत व मेंदूपर्यंत पोहोचविणे हे त्याचे काम. देहातील लोहाचा सुमारे दोनतृतीयांश भाग या एकाच द्रव्यात गुंतलेला असतो. लोह कमी पडले की पेशी लहान व फिकट निपजतात, आणि प्राणवायूची वाहतूक मंदावते. पाच ते अकरा वर्षांच्या मुलात दर शंभर मिलिलिटर रक्तात ११.५ ग्रॅमपेक्षा व बारा ते चौदा वर्षांच्या मुलात १२ ग्रॅमपेक्षा हिमोग्लोबिन कमी असल्यास त्यास रक्तक्षय म्हणतात.

येथे स्वतःची एक चूक सांगणे भाग आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्या वर्गात सहावीत एक मुलगी होती. फळ्याजवळचे खडू वरचेवर नाहीसे होत. एके दिवशी ती खडूचा तुकडा तोंडात टाकताना सापडली. मी तिला साऱ्या वर्गासमोर उभे केले आणि चोर ठरविले. पाटीची पेन्सिल खाणारी मुले आपण सर्वांनीच पाहिली आहेत, त्यामुळे मला त्यात खोडीखेरीज काही दिसले नाही. पुढे दोन महिन्यांनी आरोग्य तपासणी झाली, तेव्हा तिचे हिमोग्लोबिन साडेसात ग्रॅम भरले. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला तो हा: “ही माती, खडू, कच्चे तांदूळ असे काही खाते का?” लोहाच्या अभावी अखाद्य वस्तू खाण्याची अनावर इच्छा होते, ही गोष्ट वैद्यकशास्त्रास फार पूर्वीपासून ठाऊक आहे; मला नव्हती. उपचार सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच तिची खडूची ओढ आपोआप थांबली. मी तिला केलेली शिक्षा मात्र मागे घेता आली नाही.

तेव्हा खडू अथवा माती खाणारे, सतत पेंगणारे, खेळाच्या तासाला कडेला बसणारे, वरचेवर डोके दुखते म्हणणारे मूल दिसले, तर प्रथम त्याच्या खालच्या पापणीची आतील बाजू, जीभ व नखे पाहावीत. ती फिकट असल्यास मुलाला आरोग्य केंद्रात पाठवावे. पापण्या पाहून केवळ शंका येते. निदान रक्त तपासूनच होते. हे पाहणे एकेकट्या मुलाला बोलावून करावे. मुलींच्या बाबतीत ते शिक्षिकेने करावे, कारण पाळी सुरू झालेल्या मुलीचे लोह दरमहा खर्च होत असते आणि त्याविषयी ती शिक्षकाजवळ बोलणार नाही.

लोह कमी का पडते? आहार हे पहिले कारण. पालेभाज्या, कडधान्ये, बाजरी, तीळ व हळीव यांत लोह असते, पण वनस्पतींतील लोहाचा थोडाच अंश शरीर शोषून घेते. मटण व काळीज यांतील लोह अधिक सुलभपणे मिळते, परंतु कोल्हापुरात तांबड्या रश्श्याची ख्याती असली तरी मजुराच्या घरी तो रविवारीच, किंवा तेवढाही नाही. गुळाविषयी आपल्या जिल्ह्यात मोठा अभिमान आहे. साखरेपेक्षा गूळ चांगला, हे खरे. पण गुळाच्या खड्याने रक्तक्षय बरा होतो ही समजूत टिकण्यासारखी नाही. त्यापेक्षा जेवणात लिंबू पिळणे, आवळा किंवा पेरू खाणे हे अधिक उपकारक ठरते, कारण त्यांतील ‘क’ जीवनसत्त्वामुळे अन्नातील लोह शोषले जाते. लोखंडी कढईत व तव्यावर शिजविलेल्या अन्नातही थोडे लोह उतरते, विशेषतः आंबट पदार्थात.

चहाचे याउलट आहे. हे मुलांना दाखविण्यास एक सोपा प्रयोग आहे. पूर्वी हिरडा आणि हिराकस यांची शाई करीत. हिराकस म्हणजे लोहाचाच क्षार; हिरड्यातील तुरट द्रव्याशी त्याचा संयोग झाला की काळा रंग येतो. चहातही तशीच तुरट द्रव्ये असतात. चिमूटभर हिराकस पेलाभर पाण्यात विरघळवून त्यात बिनदुधाचा कडक चहा ओतावा. पाणी शाईसारखे काळवंडते. जेवणाबरोबर चहा घेतला म्हणजे पोटातही लोह असेच अडकून पडते, हे मुले मग विसरत नाहीत. प्रयोग शिक्षकाने स्वतः करावा व पाणी लगेच ओतून द्यावे. सकाळी चहा-बटर खाऊन शाळेत येणारी किती मुले आहेत, हे त्याच वेळी सहज कळते.

दुसरे कारण जंत. आकडीजंताच्या अळ्या दूषित मातीतून अनवाणी पायांच्या त्वचेवाटे शरीरात शिरतात आणि आतड्याला चिकटून रक्त शोषतात. म्हणून जंतनाशक गोळीचा दिवस, शौचालय आणि पायांतील चप्पल ही तिन्ही या पाठातच मोडतात.

लोहाच्या गोळीत फॉलिक आम्लही असते. त्याचा शोध आपल्या राज्याशी निगडित आहे, ही गोष्ट मुलांना अवश्य सांगावी. १९२८ मध्ये डॉ. ल्यूसी विल्स ही इंग्रज विदुषी मुंबईस आली. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब स्त्रियांना गरोदरपणी जडणारा तीव्र रक्तक्षय तिने अभ्यासास घेतला. तो जंतूंमुळे होतो की काय हे तिने प्रथम तपासले. तसे आढळले नाही. मग तिने त्या स्त्रियांच्या आहाराकडे लक्ष वळविले. तशाच निकृष्ट आहारावर ठेवलेली माकडे रक्तक्षयी झाली, आणि यीस्टचा स्वस्त अर्क देताच सुधारली. तोच अर्क स्त्रियांनाही लागू पडला. हा वृत्तांत १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून वेगळे काढण्यात आले, व पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्यास फॉलिक आम्ल हे नाव मिळाले. पुढे ते प्रयोगशाळेत तयार करणाऱ्या अमेरिकेतील चमूचे प्रमुख एल्लाप्रगड सुब्बाराव हे आपले भारतीय शास्त्रज्ञ होते.

२०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमानुसार पाच ते नऊ वर्षांच्या मुलांस गुलाबी व दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींस निळी गोळी आठवड्यातून एकदा द्यावयाची असते. गुलाबी गोळीत ४५ मिलिग्रॅम व निळीत ६० मिलिग्रॅम लोह असते. गोळी मध्यान्ह भोजनानंतर, आपल्यासमोर, पाण्याबरोबर घ्यावयास लावावी. उपाशीपोटी कधीही देऊ नये. काहींना मळमळते, शौचास काळे होते. ही गोष्ट पालकांना आधी सांगितली नाही, तर एका मुलाच्या काळ्या शौचावरून साऱ्या वस्तीत अफवा पसरते आणि पुढल्या आठवड्यात निम्मी मुले गोळी खिशात घालून घरी नेतात. गोळ्यांची पाकिटे कुलपातच ठेवावीत. लहान मुलाने मूठभर गोळ्या गोड समजून खाल्ल्या, तर जिवावर बेतते.

एक सावधगिरी फार महत्त्वाची आहे. थॅलेसेमिया या आनुवंशिक विकारात मुलास वारंवार रक्त द्यावे लागते व त्याच्या देहात लोह आधीच वाजवीपेक्षा अधिक साचते. अशा मुलास डॉक्टरांच्या आज्ञेविना लोहाची गोळी देऊ नये. सिकलसेल हा दुसरा आनुवंशिक विकार. त्यात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात व बारीक रक्तवाहिन्यांत अडकून असह्य वेदना देतात. गडचिरोली, नंदुरबार या भागांत, तसेच छत्तीसगड व ओडिशात तो विशेष आढळतो. तेव्हा तिकडून आलेल्या कुटुंबातील मूल वरचेवर हातपाय दुखतात म्हणू लागले, तर ते शाळा टाळते असे समजू नये. त्यास पाणी भरपूर पिऊ द्यावे, थंडीत व उन्हात उभे करू नये. हिमोफिलिया बहुधा मुलग्यांत दिसतो: किरकोळ जखमेचे रक्त थांबत नाही, गुडघा सुजतो. अशा मुलास छडी तर नाहीच, पण कान पिळणेही धोक्याचे. खरे तर ते कोणत्याच मुलाच्या बाबतीत करावयाचे नाही.

ओळखपत्रावर रक्तगट लिहिण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. पालकाने तोंडी सांगितलेला गट लिहू नये. १९५२ मध्ये मुंबईस डॉ. य. मो. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी असा एक विरळा गट शोधून काढला, की जो साध्या तपासणीत ‘ओ’ वाटतो, पण ‘ओ’ गटाचे रक्तही त्या मनुष्यास चालत नाही. जगभर तो ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणून ओळखला जातो. त्यामुळे कार्डावर काहीही असले, तरी रक्तपेढीत जुळणी केल्यावाचून रक्त देत नाहीत.

हा पाठ शिरोलीकडे घेतला म्हणजे एक प्रश्न हमखास येतो. लोखंडाचा कीस लोहचुंबकाला चिकटतो हे मुलांनी पाहिलेले असते. मग एखादा मुलगा विचारतो, “गुरुजी, लोहचुंबक हातावर धरला तर रक्त ओढले जाईल का?” त्यास हसू नये. रक्तातील लोह किसासारखे मोकळे नसते. त्याचा एकेक अणू हिमोग्लोबिनच्या रेणूत जखडलेला असतो, म्हणून वर्गातील लोहचुंबकाने रक्त हलत नाही. लोहचुंबक त्याच्याच हातात द्यावा आणि मनगटावर धरून पाहू द्यावा.