सलाईनची सुई आणि रुग्णाची वेदना

रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णास शस्त्रक्रियेपेक्षाही कित्येकदा सलाईनच्या सुईचे भय अधिक वाटते. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल असते. सुई मात्र पूर्ण शुद्धीत, डोळ्यांदेखत टोचली जाते. ‘एवढ्याशा टोचण्याचे काय ते कौतुक’ असे म्हणून हा विषय बाजूला सारण्याची आपल्याकडे रीत आहे. परंतु ज्याला ही सुई वारंवार टोचून घ्यावी लागते, त्याचा विचार केला म्हणजे विषयाचे गांभीर्य लक्षात येते. थॅलेसेमियाच्या मुलाला दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. दर तीन आठवड्यांनी म्हटले, तरी वर्षातून सतरा वेळा त्या इवल्याशा हातावर शीर शोधावी लागते. अशा मुलाच्या मनात एकदा धास्ती बसली, की पुढची प्रत्येक भेट त्याला आणि त्याच्या आईवडिलांना जड जाते. मोठी माणसेही सुईच्या भीतीने तपासणी पुढे ढकलतात आणि आजार वाढल्यावर येतात. म्हणूनच यंदाच्या अहवालातील आरोग्यशिक्षणाच्या या पानांवर आम्ही हा विषय घेतला आहे.

हातात राहते ते काय?

प्रथम एक गैरसमज दूर करू. सलाईन लावल्यावर सुई हातातच राहते, हात हलविला तर ती आत रुतेल, असे अनेकांना वाटते. वस्तुतः ज्याला आपण ‘इंट्राकॅथ’ म्हणतो, त्यात सुईवर एक मऊ प्लॅस्टिकची नळी बसविलेली असते. शिरेत प्रवेश होताच सुई बाहेर काढली जाते व केवळ ती लवचिक नळी आत राहते. टोचण्याचे दुःख काही क्षणांचे असते. ही एवढी माहिती आधी सांगितली, तरी रुग्णाचा आखडलेला हात सैल पडतो.

नळीच्या जाडीप्रमाणे तिचे रंग ठरलेले आहेत. पिवळी २४ क्रमांकाची, निळी २२, गुलाबी २० आणि हिरवी १८ क्रमांकाची. क्रमांक जितका मोठा, तितकी नळी बारीक. लहान मुलांना बहुधा पिवळी वा निळी पुरते. मोठ्या शस्त्रक्रियेत किंवा रक्त वेगाने द्यावयाचे असल्यास जाड नळी लागते. काम भागेल अशी बारीकात बारीक नळी निवडणे, ही वेदना कमी करण्याची पहिली पायरी होय.

वेदना कशी होते?

वेदनेची जाणीव करून देणारे मज्जातंतू मुख्यतः त्वचेत असतात. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ साली असे मांडले, की वेदनेचा संदेश मज्जारज्जूतील जणू एका दारातून मेंदूकडे जातो आणि स्पर्श, लक्ष, भीती यांमुळे ते दार कमीअधिक उघडते. ठेच लागताच आपण पाय चोळतो, त्यामागचे शास्त्र हेच. भीतीने वेदना वाढते. शिवाय घाबरलेल्या रुग्णाच्या शिरा आक्रसतात, त्या सापडत नाहीत आणि पुन्हा टोचावे लागते. एकूण भीती कमी करणे हा उपचाराचाच भाग ठरतो.

नवजात बाळांना वेदना फारशी कळत नाही, अशी समजूत एके काळी वैद्यकातही होती. डॉ. कंवलजीत आनंद या भारतीय वंशाच्या डॉक्टरांनी सहकाऱ्यासह १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या लेखाने त्या समजुतीला मोठा धक्का दिला. बाळ बोलत नाही. पण त्याच्या हृदयाची गती, चेहरा आणि रडणे सारे सांगत असते.

उपाय : साधे आणि औषधी

काही उपायांना पैसा लागत नाही. हात थंड असल्यास दहा-पंधरा मिनिटे कोमट शेक द्यावा. शिरा फुगून वर येतात. व्हिएन्ना येथील संशोधकांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, हात उबदार ठेवल्याने नळी बसविणे सुकर होते असे दिसून आले. स्पिरिट पुसल्यावर ते पूर्ण वाळू द्यावे. ओल्या स्पिरिटवर सुई टोचल्यास अधिक चुरचुरते. ज्यांना सुई पाहून भोवळ येते, त्यांनी लाज न बाळगता तसे आधी सांगावे व आडवे होऊनच सुई टोचून घ्यावी.

औषधांपैकी पहिले म्हणजे त्वचा बधिर करणारे मलम. त्यात लिग्नोकेन आणि प्रायलोकेन ही दोन औषधे प्रत्येकी अडीच टक्के असतात. मलमाचा थर लावून वर चिकटपट्टीचे आवरण घालतात व किमान एक तास थांबतात. तास न थांबता पंधरा मिनिटांत टोचले, तर मलम व्यर्थ जाते. म्हणूनच ठरवून होणाऱ्या उपचारांना ते सर्वांत सोयीचे; तातडीच्या रुग्णाला तासभर थांबविता येत नाही. अगदी लहान बाळांना व काही रक्तविकारांत ते डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून लावू नये.

वेळ नसेल, तर अतिशय बारीक सुईने त्वचेत लिग्नोकेनचा एखादा थेंब सोडतात. हे औषध १९४३ साली स्वीडनमध्ये तयार झाले व आजही दंतवैद्यापासून शस्त्रक्रियागृहापर्यंत सर्वत्र वापरात आहे. ‘एका टोचण्याऐवजी दोन कशाला?’ असा प्रश्न साहजिक येतो. पण पहिली सुई अत्यंत बारीक असते आणि नंतरची जाड सुई जाणवत नाही. विशेषतः मोठ्या नळीच्या वेळी एकूण त्रास कमीच होतो. त्वचा क्षणभर गोठविणारा फवारा हा आणखी एक उपाय. तो काही सेकंदांत काम करतो, पण त्याचा परिणामही तितकाच अल्पकाळ टिकतो.

नवजात बाळासाठी सर्वांत सुंदर उपाय निसर्गानेच दिला आहे. सुई टोचताना बाळ आईच्या अंगावर पीत असेल, तर त्याची वेदना कमी होते. ते शक्य नसल्यास, टोचण्यापूर्वी सुमारे दोन मिनिटे साखरेच्या पाण्याचे काही थेंब परिचारिका जिभेवर सोडतात. हा प्रयोग नातेवाईकांनी स्वतः करू नये. बाळाला उपाशी ठेवावयाचे असू शकते. मध तर एक वर्षाखालील बाळास कधीही चाटवू नये. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१५ साली लसीकरणाच्या वेळची वेदना कमी करण्याविषयी मार्गदर्शन करताना, स्तनपान आणि मुलाला आईवडिलांनी जवळ घेणे यांवर भर दिला आहे.

नातेवाईकांना विनंती

‘जेवला नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील’ हे वाक्य घराघरांत ऐकू येते. कृपया ते टाळावे. ज्या सुईने मूल बरे व्हायचे, तीच त्याला शिक्षा वाटू लागते. ‘काही दुखणार नाही’ असेही खोटे सांगू नये. एकदा विश्वास उडाला की तो परत मिळत नाही. ‘थोडे टोचेल, मी जवळच आहे, पाच मोजेपर्यंत होईल’ असे खरे व थोडक्यात सांगावे. मुलाला चौघांनी दाबून धरण्यापेक्षा मांडीवर बसवून घट्ट जवळ घ्यावे. भिरभिरे, साबणाचे फुगे, आवडते गाणे यांनी लक्ष वळते. फुंकर घालताना श्वासही आपोआप दीर्घ होतो.

मोठ्या रुग्णांनी कोणत्या हाताची शीर पूर्वी चांगली सापडली होती, ते सिस्टरांना सांगावे. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी डायलिसिसचा फिस्टुला असलेल्या हाताला सुई लावू देऊ नये. ज्यांना पुढे फिस्टुला लागण्याचा संभव आहे, त्यांच्या कोपराखालच्या शिरा जपाव्यात आणि शक्यतो हाताच्या पाठीवरील शीर घ्यावी. नळी बसविल्यावर सूज, लाली, आग किंवा ठणका जाणवल्यास सकाळच्या राउंडची वाट न पाहता ताबडतोब सांगावे.

शीर सापडत नसेल, तर एकाच व्यक्तीने दोनपेक्षा अधिक प्रयत्न न करता अधिक अनुभवी सहकाऱ्याला बोलवावे, असा आज सर्वमान्य दंडक आहे. हात बदलला म्हणून कोणी सिस्टरांना कमी लेखू नये. त्यात रुग्णाचेच हित आहे.

न टोचलेली सुई

सर्वांत कमी वेदना देणारी सुई म्हणजे न टोचलेली सुई. ‘अशक्तपणा आहे, एक बाटली लावा’ असा आग्रह आजही होतो. पाच टक्के ग्लुकोजच्या ५०० मिलिलीटर बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे चहाचे सुमारे पाच चमचे. साध्या सलाईनच्या तेवढ्याच बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते. रुग्ण तोंडाने घेऊ शकत असेल, तर पेज, ताक, वरणभात आणि जुलाब असल्यास जलसंजीवनी हेच उत्तम. रक्तदाब कोसळणे, सतत उलट्या होणे, शुद्ध हरपणे अशा प्रसंगी मात्र सलाईन जीव वाचविते. तेथे सुईच्या भीतीने क्षणभरही उशीर करू नये. लावलेली नळी रोज ‘अजून हवी का?’ असे विचारून, गरज संपताच काढून टाकणे हेही तितकेच महत्त्वाचे.

देणगीदारांच्या विचारार्थ

दानशूर मंडळींच्या मदतीतून यंत्रे आणि खाटा उभ्या राहतात. त्या डोळ्यांना दिसतात. वेदना कमी करणारा खर्च मात्र दिसत नाही. बधिर करणाऱ्या मलमाच्या पाच ग्रॅमच्या नळीत प्रौढ रुग्णाच्या जेमतेम दोन जागा होतात. गरीब रुग्णाचे बिल आधीच वाढलेले असताना ही वस्तू ‘आवश्यक नाही’ म्हणून सर्वांत आधी गळते आणि ज्याला वारंवार टोचून घ्यावे लागते, तोच तिला मुकतो. धर्मादाय रुग्णालयात वेदनामुक्ती ही पैसेवाल्याची चैन ठरू नये, असे आम्हांस मनापासून वाटते. मुलांच्या विभागासाठी अशा मलमाच्या नळ्या, शिरा दाखविणारा दिवा, परिचारिकांचे प्रशिक्षण, इतकेच काय पण खेळण्यांची एक पेटीसुद्धा उपयोगी पडेल.

रुग्ण आपला आजार घेऊन आमच्याकडे येतो. उपचारांच्या नावाखाली त्यात टाळता येण्याजोग्या वेदनेची भर पडू नये, हे पाहणे आमचे कर्तव्य आहे. आपण सर्वांनी यात साथ द्यावी, ही नम्र विनंती.