गाड्या कुठं थांबतात ते आधी पाहा

निवृत्तीनंतर युरोपातल्या एखाद्या मोटारी नसलेल्या टुमदार गावात तुम्ही दोघं दोन-तीन महिने राहायचं म्हणताय, हे ऐकून मला फार बरं वाटलं. आठ दिवसांत सात शहरं उरकण्यापेक्षा एका गावात मुक्काम टाकणं केव्हाही चांगलं. पण गाव ठरवण्याआधी कोलकात्यात जन्म काढलेल्या तुझ्या आत्याचं थोडं ऐकून घे.

छायाचित्रं पाहून गाव निवडू नकोस. गाड्या नेमक्या कुठं थांबतात आणि तिथून तुमच्या खोलीपर्यंत कसं जायचं, हे पहिलं विचार. स्वित्झर्लंडमधल्या झेरमाटला जाताना मोटारी पाच किलोमीटर अलीकडे टेश गावात ठेवायच्या आणि पुढं रेल्वेनं जायचं. गावात विजेवर चालणाऱ्या छोट्या टॅक्सी आहेत, त्यामुळे म्हातारा माणूसही निभावतो. ग्रीसचं हायड्रा बेट दिसायला सुरेख, पण बंदर सोडलं की चढ आणि पायऱ्या, सामान खेचराच्या पाठीवर. व्हेनिसला गाड्या नाहीत खऱ्या, पण पावलोपावली पूल आहेत आणि बहुतेक पुलांना पायऱ्या आहेत. तुझे गुडघे कसे आहेत ते मला माहीत आहे. दोन दिवस हौसेनं चढशील, पुढं दूध आणायलाही खाली उतरावंसं वाटणार नाही. दूध-पाव, भाजी, औषधाचं दुकान आणि बसायला सावलीतला बाक, हे सारं सपाट रस्त्यानं दहा मिनिटांत मिळत असेल, तरच ते गाव लांब मुक्कामाचं.

आणखी एक गोष्ट या वयात मला फार महत्त्वाची वाटते. गाड्या नाहीत म्हणजे ओझं नाहीसं होत नाही, ते कुणाच्या तरी अंगावर जातं. माथेरान आठव. दस्तुरी नाक्यावर गाड्या थांबतात आणि पुढं घोडे, हमाल, हातरिक्षा. डोंगरावरच्या तांबड्या मातीतून माणसानं माणसाला ओढत न्यायचं, हे वर्षानुवर्षं चाललं. २०२५च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिथल्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून रिक्षावाल्यांना ई-रिक्षा द्यायला सांगितलं, तेव्हा मला खरोखर समाधान वाटलं. कोलकात्याच्या जुन्या भागात हातरिक्षा आजही दिसते. पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून तीच जाते, म्हणून लोकांना तिची गरज पडते, हेही मी पाहत आले आहे. तेव्हा एवढंच सांगते, प्रत्येकी एकच बॅग, आणि तीही स्वतःला उचलता येईल एवढी. माणूस किंवा जनावर आपलं ओझं वाहणार असेल तर पैशाची घासाघीस करायची नाही.

शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. तेवढे दिवस रिकामपण तुम्हाला मानवेल का, हे आधी घरच्या घरी पाहून घ्या. त्यासाठी माझ्याकडे या. कोलकात्याच्या वरच्या अंगाला हुगळीच्या पश्चिम काठावर युरोपी लोकांनी वसवलेली गावं ओळीनं लागतात. डॅनिश लोकांचं श्रीरामपूर, फ्रेंचांचं चंदननगर, डचांचं चुंचुडा, पोर्तुगीजांचं बॅंडेल. हावड्याहून बॅंडेल लोकल पकडली की चारही लागतात. सकाळी सगळी गर्दी हावड्याकडे येणारी असते, उलट दिशेनं जाणाऱ्याला खिडकी मिळते.

ही गावं मोटारमुक्त आहेत असं मी म्हणणार नाही. ग्रँड ट्रंक रोड यांच्या पोटातून जातो. बसचे हॉर्न, टोटो म्हणजे ई-रिक्षांची रांग, सगळं आहे. पण टोटो विजेवर चालते, धूर नसतो, आणि या मोठ्या रस्त्याकडून नदीकडे उतरणाऱ्या गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की चारचाकी आत शिरायला बिचकते. म्हणून खोली नेहमी मोठा रस्ता आणि नदी यांच्या मधल्या पट्ट्यात बघायची. स्टेशनजवळची स्वस्त खोली घेऊ नका, तिथं निवांतपणा मिळत नाही.

पहिले दोन दिवस श्रीरामपूरला राहा. १७५५मध्ये डॅनिश लोकांनी इथं वखार घातली आणि राजाच्या नावावरून गावाला फ्रेडरिक्सनगर म्हटलं. १८४५मध्ये त्यांनी ते इंग्रजांना विकलं. नदीकाठी १७८६ची डॅनिश टॅव्हर्न होती, तिचे नुसते अवशेष उरले होते. डेन्मार्कचं राष्ट्रीय संग्रहालय आणि पश्चिम बंगालचा वारसा आयोग यांच्या पुढाकारानं ती पुन्हा उभी राहिली आणि २०१८पासून तिथं उपाहारगृह आणि राहायच्या खोल्या आहेत. तिथून सेंट ओलाव्ह चर्च पायी पाच-दहा मिनिटांवर. १८०६चं ते चर्चही असंच दुरुस्त झालंय. मराठी माणसानं मात्र मिशनरी विल्यम केरीनं सहकाऱ्यांसह काढलेल्या श्रीरामपूर कॉलेजच्या आवारात जायलाच हवं. कंपनीच्या मुलखात मिशनऱ्यांना थारा नव्हता, म्हणून केरी १८००मध्ये या डॅनिश गावात आला. इथल्या छापखान्यातून त्याचं मराठी व्याकरण १८०५मध्ये आणि मराठी-इंग्रजी कोश १८१०मध्ये बाहेर पडला. पंडित वैजनाथांची त्याला मदत होती. पुण्या-मुंबईत मराठी ग्रंथ छापायला सुरुवात होण्याआधीची ही गोष्ट. आपल्या भाषेचं इतकं जुनं काम हुगळीकाठी झालं, हे मला आजही अभिमानाचं वाटतं.

लांब मुक्काम मात्र चंदननगरला करा. २ मे १९५० रोजी फ्रेंचांनी कारभार भारताच्या हाती दिला, तोवर ते गाव त्यांचं होतं. नदीच्या काठानं झाडांच्या सावलीत साधारण किलोमीटरभर लांबीचा स्ट्रँड आहे, सपाट, बाक असलेला. शेजारच्या रस्त्यावर गाड्या येतात, पण फरसबंद वाट चालणाऱ्यांची. पहाटे म्हातारी मंडळी, संध्याकाळी सारं गाव तिथं. फ्रेंच गव्हर्नर डुप्लेच्या वाड्यातलं संग्रहालय आणि १८८४चं सेक्रेड हार्ट चर्च तिथून जवळच. नदी ओलांडायची असेल तर लाँचनं जगद्दलला जाऊन या. श्रीरामपूरहून बराकपूर आणि चुंचुड्याहून नैहाटी, अशाही फेऱ्या आहेत. धुकं किंवा वादळ असलं की लाँच बंद ठेवतात, तेव्हा परतीची वेळ तिच्यावर अवलंबून ठेवू नका. घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, शिवाय भरतीला ‘बान’ येतो, पाणी एकदम चढतं. आंघोळीला उतरायचं तर घाटावरच्या माणसाला विचारूनच.

खोली एकदा पहाटे आणि एकदा रात्री आठला जाऊन पाहा. ज्यूट मिलचा भोंगा, शेजारच्या क्लबाचा लाऊडस्पीकर, पाण्याच्या वेळा दुपारी कळत नाहीत. मच्छरदाणी बांधायची सोय बघा, नदीकाठी ती लागतेच. जेवणाचं म्हणशील तर सकाळी बाजारात ताजी भाजी आणि मासळी, रात्री कोपऱ्यावर गरम रुटी, आणि चंदननगरचा जलभरा संदेश, ज्याच्या पोटात पाक असतो. डिसेंबर-जानेवारीत तो नोलेन, म्हणजे नव्या खजुरी गुळाचा घ्या.

महिना नीट निवडा. चैत्र-वैशाखात उकाडा आणि संध्याकाळची वादळं, आषाढात श्रीरामपूरच्या महेश भागातल्या रथयात्रेची गर्दी. कार्तिकात चंदननगरची जगद्धात्री पूजा. तेव्हा संध्याकाळी गावात गाड्यांना बंदी असते, पण रोषणाई पाहायला अवघा बंगाल लोटतो आणि उभं राहायला जागा मिळत नाही. ती एक रात्र पाहायला जरूर या, मुक्कामाला नको.

आणखी एक. मराठी आहोत म्हटलं की कुणी ना कुणी बर्गींची, म्हणजे मराठी घोडेस्वारांची, आठवण काढेल. १७४१पासून दहा वर्षं नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी बंगाल लुटला, त्याच धास्तीनं १७४२मध्ये कोलकात्याभोवती मराठा खंदक खणला गेला. इथल्या अंगाईगीतांत ती भीती अजून आहे. वाद घालू नका, लोकांनी सोसलं होतं. ऐकून घ्या, चहा घ्या. अशा गप्पांतूनच मोहल्ल्यात ओळख होते, आणि दुखलंखुपलं तर रात्री दार ठोठावायला एक घर मिळतं. परदेशातही आधी शेजार जोडा, मग निसर्ग पाहा.

जगद्धात्रीचं विसर्जन झालं की या आणि डिसेंबर संपेपर्यंत राहा. आधी चार दिवस माझ्याकडे उतरा, खोली पाहायला मी बरोबर येते. चंदननगरात दीड महिना कंटाळा न येता गेला, तर युरोपची तिकिटं खुशाल काढा.