खेळातला नियम

कृष्णा आणि पंचगंगा या दोन नद्यांचा जेथे संगम होतो, तेथे नृसिंहवाडी वसली आहे. कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील हे गाव श्रीदत्तात्रेयांच्या पादुकांमुळे दूरदूरच्या लोकांना ठाऊक आहे. दगडी घाट, औदुंबराची दाट सावली आणि पायऱ्यांशी येऊन थबकणारे कृष्णेचे पाणी, हे तेथील रोजचे दृश्य. पावसाळ्यात नदीला पूर आला म्हणजे पाणी थेट देवळात शिरते आणि पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. त्या दक्षिणद्वाराच्या स्नानासाठी भर पावसात माणसांची रीघ लागते. अशा गावी वाढलेल्या मुलाला पाण्याचे भय कोठून असणार? आम्ही चालायला आणि पोहायला जणू एकाच वर्षी शिकलो होतो.

आम्हा मुलांमध्ये सर्वांत तरबेज पोहणारा होता माझा मित्र. त्याचे नाव मी येथे लिहीत नाही. त्याच्या घरच्यांना ते अजून ऐकवत नाही. त्याचे वडील नावाडी होते. आम्ही सारी मुले त्यांना आबा म्हणत असू. आबा कष्टाळू आणि सरळ मनाचे होते, पण त्यांचा राग मोठा कडक होता.

१९६९ सालच्या जुलै महिन्यात माणूस प्रथमच चंद्रावर उतरला. मास्तरांनी वर्गात ती बातमी वाचून दाखविली, आणि त्या दिवसापासून आम्हाला दुसरा खेळ सुचेना. पावसाळ्यासाठी आबांनी आपली एक जुनी नाव काठावर उंच ओढून ठेवली होती. ती नाव आमचे आकाशयान झाली. माझा मित्र यानाचा कप्तान आणि मी त्याचा सोबती. आम्ही मंगळावर जात असू, शनीच्या कड्यांना वळसा घालून परत येत असू. वाटेत कोठल्या तरी ग्रहावरचा एक अदृश्य जीव यानात शिरे. तो ज्याच्या अंगात जाई, त्याचा आवाज बदले, डोळे बदलत, आणि शेवटी तो आपल्याच सोबत्यांवर धावून येई.

या खेळाचा एक नियम होता आणि तो कप्तानानेच घालून दिला होता. ज्याला त्या जीवाचा स्पर्श होईल, त्याने ताबडतोब ओरडून सांगायचे, “मला लागण झाली!” तसे सांगितले, तर सोबत्याने औदुंबराचे पान त्याच्या कपाळाला लावायचे, की तो वाचला. पण त्याने लपविले आणि शंभर अंक मोजून झाले, तर मग कितीही पाने लावा, उपयोग नाही.

“शंभरच्या आत सांगायचं. नंतर रडायचं नाही!” असे तो आम्हाला नेहमी बजावीत असे.

दसरा उलटून दोनतीन दिवस झाले होते. घाटावर कुत्र्याचे एक तांबूस पिल्लू हिंडत असे. माझा मित्र आपल्या भाकरीतला चतकोर त्याला रोज नेमाने घाली. त्या संध्याकाळी पिल्लाने भाकरीला तोंड लावले नाही. ते एका कोपऱ्यात अंग चोरून बसले होते. त्याने त्याला जवळ घेण्यासाठी हात पुढे केला, तोच ते एकाएकी त्याच्या तळहाताला चावले. जखम लहानशीच होती. दोन दातांच्या खुणा आणि रक्ताचे चार थेंब, एवढेच.

“चल, आबांना सांगू,” मी म्हणालो.

“वेडा आहेस का? पोटात चौदा सुया टोचतात! आणि आबा त्या पिल्लाला जिवंत ठेवतील का?” त्याने जखमेवर चिमूटभर हळद दाबली आणि माझा हात घट्ट धरला. “दत्तमहाराजांची शपथ घे. कोणाला सांगणार नाहीस ना?”

मी शपथ घेतली. मित्राचे गुपित पोटात ठेवणे हाच मैत्रीचा धर्म, असे मला वाटले. पिल्लू तीनचार दिवसांत दिसेनासे झाले. जखम भरून आली. मार्गशीर्ष येईपर्यंत आम्ही दोघेही ती गोष्ट विसरून गेलो.

दत्तजयंतीला दोन दिवस उरले असताना त्याला ताप आला. डोके दुखू लागले. मी भेटायला गेलो, तेव्हा तो तळहात चोळीत बसला होता. “येथे मुंग्या आल्यासारखं होतं रे,” तो म्हणाला. भरून आलेली ती जखम पुन्हा बोलू लागली होती; पण तिची भाषा आम्हाला कळली नाही.

दत्तजयंतीच्या दिवशी गाव माणसांनी फुलून गेले होते. त्याच्या आईने देवळातून तीर्थ आणले आणि पळी त्याच्या ओठांशी नेली. पाणी ओठांना लागले मात्र, त्याचा गळा आवळल्यासारखा झाला आणि सारे अंग थरथरले. त्याने पळी दूर लोटली. कृष्णेच्या भर धारेत उडी घेणारा तो मुलगा पळीभर पाण्याकडे भयाने पाहत होता!

“बाळा, तीर्थ आहे रे,” काकू पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. त्याला ते कळत होते, पण त्याचे शरीर त्याचे ऐकत नव्हते.

त्या क्षणी मला सारे आठवले. मी आबांकडे धावलो आणि शपथ मोडली. त्याला त्याच दुपारी जवळच्या शहरातील दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी तळहाताची खूण पाहिली, दिवस मोजले आणि मान खाली घातली. कुत्रे चावल्यास दोन महिने होऊन गेले होते. शंभर अंक केव्हाच मोजून झाले होते.

डॉक्टरांनी मला एकदाच दारातून त्याला पाहू दिले. वाऱ्याची झुळूक आली तरी तो दचके. मध्येच तो कोणाला ओळखीत नसे आणि काहीबाही बोले. मग ते वादळ ओसरे आणि तो पुन्हा पहिल्यासारखा होई. अशाच एका शांत क्षणी त्याने मला ओळखले. क्षीण आवाजात तो म्हणाला, “मला लागण झाली.” खेळातले ते वाक्य त्याने अखेर उच्चारले होते. पण माझ्या हातात औदुंबराचे पान नव्हते, आणि असते तरी त्याचा उपयोग नव्हता. तिसऱ्या दिवशी तो गेला.

बालमित्रांनो, ज्या जीवाने माझ्या मित्राला माझ्या डोळ्यांदेखत बदलून टाकले, तो परग्रहावरून आला नव्हता. त्या रोगाला रेबीज म्हणतात. सुश्रुतसंहितेत ‘जलत्रास’ या नावाने त्याच्या या भयंकर लक्षणाची नोंद आहे. इतका तो जुना आहे. रेबीजचा विषाणू बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा असतो. पण तो इतका सूक्ष्म असतो, की साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाही. रोगी जनावराच्या लाळेतून तो जखमेत उतरतो. रक्तातून न जाता तो मज्जातंतूंची वाट धरतो आणि त्या वाटेने हळूहळू मेंदूकडे सरकतो. या प्रवासाला बहुधा एक ते तीन महिने लागतात. तेवढ्या काळात जखम बरी होते, मूल हसते, खेळते. बाहेरून काहीच दिसत नाही.

मेंदूत पोहोचल्यावर मात्र तो जणू घरचा धनी बनतो. तेथून तो लाळेच्या ग्रंथींत उतरतो. गिळताना गळ्याचे स्नायू आवळतात, म्हणून रोग्याला पाणी नकोसे होते आणि विषाणूंनी भरलेली लाळ तोंडातच साठते. गरीब कुत्रेही पिसाळून चावत सुटते. दुसऱ्याच्या शरीराला आपले वाहन करून पुढच्या शरीरात जायचे, अशी या विषाणूची रीत आहे. लक्षणे दिसू लागल्यावर रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते.

परंतु याच गोष्टीत आशाही आहे. विषाणूची चाल मंद आहे. त्याच्या आधी आपण पोहोचलो, तर तो हरतो. फ्रान्समधील शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांनी हे जगाला दाखवून दिले. ६ जुलै १८८५ या दिवशी जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला त्यांच्याकडे आणले गेले. पिसाळलेल्या कुत्र्याने त्याला अनेक ठिकाणी चावा घेतला होता. पाश्चर यांनी त्याला आपली नवी लस टोचण्याची व्यवस्था केली. एकूण तेरा वेळा लस टोचली गेली, आणि तो मुलगा जगला. मोठेपणी तो पॅरिसच्या पाश्चर संस्थेतच पहारेकरी झाला. आपल्या देशात १९०० साली कसौली येथे आणि १९०७ साली कुन्नूर येथे अशा संस्था निघाल्या. माझ्या मित्राला ज्यांचे भय वाटले, त्या पोटातील सुया म्हणजे कसौलीला डेव्हिड सेंपल यांनी तयार केलेल्या लशीच्या. त्या दुखत, हे खरे. पण लाखो माणसांना त्यांनी आधार दिला. २००४ सालच्या अखेरीस आपल्या देशात ती जुनी लस बंद झाली. आता दंडावर थोड्याच सुया घ्याव्या लागतात आणि सरकारी दवाखान्यांतही ही लस देतात.

म्हणून हे नीट ध्यानात ठेवा. कुत्रे, मांजर किंवा माकड चावले, अथवा त्याच्या दातांचा नुसता ओरखडा उठला, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे धुवावी. तिच्यावर हळद, चुना, तिखट असले काही लावू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. जखम खोल असेल, तर डॉक्टर लशीबरोबर दुसरे एक औषध जखमेतच टोचतात. लशीच्या ठरलेल्या सर्व सुया पूर्ण कराव्या. एकही चुकवू नये. आणि या सर्वांच्या आधी घरी सांगावे.

तुम्ही विचाराल, मग कुत्र्यांना हाकलून द्यावे काय? नाही. नृसिंहवाडीच्या देवाचे चित्र डोळ्यांपुढे आणा. श्रीदत्तांच्या पायाशी चार कुत्री आहेत. लोक त्यांना चार वेदांचे रूप मानतात. कुत्रा हा माणसाचा शत्रू नव्हे. तोही या रोगाचा बळी आहे. कुत्र्यांनाच लस टोचली, तर रोगाची वाट मुळातच बंद होते. आपल्या शेजारच्या गोव्याने हे करून दाखविले आहे. तेथे कुत्र्यांना घरोघरी आणि गल्लोगल्ली लस टोचण्याची मोहीम चालली. २०२१ साली तेथील सरकारने जाहीर केले, की मागील तीन वर्षांत राज्यात एकही मनुष्य रेबीजने दगावला नाही.

माझा मित्र गेल्यावर पुष्कळ दिवस मी आबांसमोर जात नसे. शेवटी एके दिवशी त्यांनीच मला घाटावर बोलाविले. ते रागावतील, असे मला वाटले होते. पण माझ्या पाठीवर हात ठेवून ते म्हणाले, “बाळ, तुझा काय दोष? तो सुयांना भ्यायला, त्याहून माझ्या रागाला भ्यायला.” त्या दिवसापासून आबा कोणत्याही मुलावर रागावले नाहीत. काठावरची जुनी नाव मात्र त्यांनी पुन्हा पाण्यात घातली नाही.

दिलेले वचन पाळावे, असे थोर लोक सांगतात, आणि ते खरेच आहे. पण ज्या वचनाने मित्राच्या जिवाला धोका होतो, ते मोडणे हीच मैत्री होय. हे मला कळले, तेव्हा उशीर झाला होता; तुम्हाला ते आजच कळावे, म्हणून ही हकिगत लिहिली. आमच्या खेळातला तो नियम खेळापुरता नव्हता. शंभर अंक मोजून होण्याच्या आत सांगा. स्वतःसाठी सांगा, आणि मित्र सांगत नसेल, तर त्याच्यासाठी तुम्ही सांगा.

अभ्यास

१. मुलांच्या खेळातील नियम कोणता होता? तो कोणी घातला होता?

२. लेखकाच्या मित्राने कुत्रे चावल्याची गोष्ट कोणत्या कारणांनी लपविली?

३. ‘जखम पुन्हा बोलू लागली होती’ या वाक्याचा अर्थ सांगा.

४. रेबीजचा विषाणू शरीरात कसा प्रवास करतो, ते आपल्या शब्दांत लिहा.

५. ‘तो माझ्या रागाला भ्यायला’ असे आबा का म्हणाले? यातून मोठ्या माणसांनी काय शिकावे?

६. तुमच्या मित्राला कुत्रे चावले आणि ‘कोणाला सांगू नकोस’ असे तो म्हणाला, तर तुम्ही काय कराल? क्रमाने लिहा.