अर्थ उशिरा का लागतो?

पुढील वाक्य एकदाच वाचा : ‘गोविंदाने ज्याला बैल विकला त्याचा भाऊ काल कुरुंद्याला भेटला.’ कोण भेटला? उत्तर देण्यासाठी ‘ज्याला’ हा शब्द ‘त्याचा’ येईपर्यंत मनात धरून ठेवावा लागतो.

कंपवाताच्या अनेक रोग्यांना नेमके हेच जड जाते. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या रोगाचे वर्णन केले, तेव्हा बुद्धी शाबूत राहते असे त्यांचे मत होते. पुढील संशोधनाने त्यात भर घातली. मध्यमेंदूतील काही काळसर पेशी डोपामीन हे रसायन तयार करतात. त्या नष्ट होऊ लागल्या की हात कापतो, हालचाली मंदावतात. तसेच शब्दांचा क्रम मनात धरून त्यांची जुळणी करण्याचे कामही मंदावू शकते. सुट्या शब्दांचा अर्थ बहुधा कळतो. गुंतागुंतीचे वाक्य मात्र अडते.

म्हणून अशा आजोबांशी बोलताना नुसता आवाज चढवून उपयोग नाही. वाक्याचे तुकडे करा : ‘गोविंदाने एका माणसाला बैल विकला. त्या माणसाचा भाऊ काल कुरुंद्याला भेटला.’ मग थोडे थांबा. उत्तर उशिरा आले, म्हणजे त्यांना समजलेच नाही असे मानू नका.