कीड ओळखीचे व्हिडिओ आणि ‘क्विक’ प्रोटोकॉल

मक्यावरील अमेरिकन लष्करी अळीची भारतातील पहिली नोंद २०१८ मध्ये कर्नाटकात झाली. डोक्यावरील उलट्या ‘वाय’ अक्षरासारखी फिकट खूण आणि आठव्या उदरखंडावर चौकोनात असलेले चार गडद ठिपके ही तिची ओळख होय. ही ओळख आता अनेकदा मोबाईलवरील व्हिडिओतून करून दिली जाते. चित्र धूसर झाले की नेमके हेच ठिपके दिसेनासे होतात आणि ओळख चुकली की फवारणीही चुकते.

चित्राचा दर्जा कसा ठरतो?

ऑनलाइन व्हिडिओ काही सेकंदांच्या तुकड्यांत विभागलेला असतो. प्रत्येक तुकडा १४४पी, ३६०पी, ७२०पी अशा अनेक दर्जांत साठवलेला असतो. आधीचे तुकडे किती वेगाने आले आणि फोनमध्ये किती साठा शिल्लक आहे, यावरून प्लेअर पुढील तुकड्याचा दर्जा निवडतो.

‘क्विक’मुळे काय बदलते?

जुन्या टीसीपी प्रोटोकॉलमध्ये एक पॅकेट हरवले की ते पुन्हा येईपर्यंत त्यामागची माहिती अडून राहते. मे २०२१ मध्ये प्रमाणित झालेल्या ‘क्विक’मध्ये एका प्रवाहातील अडथळ्याने दुसरा प्रवाह थांबत नाही. जोडणीही कमी फेऱ्यांत पूर्ण होते. भिलाईतील कार्यालयाच्या वाय-फायवर व्हिडिओ सुरू करून कार्यकर्ता शिवनाथकाठच्या शेताकडे निघाला, तर फोन मोबाईल नेटवर्कवर जातो आणि त्याचा इंटरनेट पत्ता बदलतो. अशा वेळी टीसीपीची जोडणी तुटते. ‘क्विक’ची जोडणी मात्र स्वतंत्र ओळखक्रमांकामुळे टिकू शकते.

मर्यादा

‘क्विक’मुळे नेटवर्कची क्षमता वाढत नाही. व्हिडिओचे तुकडे बहुधा एकामागून एक मागवले जात असल्याने स्वतंत्र प्रवाहांचा लाभही मर्यादित राहतो. २०१७ मधील ‘नॉट सो क्विक’ या अभ्यासात, टीसीपी गृहीत धरून रचलेल्या दर्जा-निवडीच्या पद्धतींना ‘क्विक’चा अपेक्षित लाभ झाला नाही. शिवाय काही नेटवर्क ‘क्विक’ला लागणारी यूडीपी वाहतूक अडवतात. तेव्हा प्लेअर पुन्हा टीसीपीकडे वळतो. थोडक्यात, प्रतीक्षा कमी होऊ शकते, पण चित्र स्पष्ट येईलच याची हमी नाही.

शिफारशी

• व्हिडिओ तयार करताना ओळखीची खूण आरंभीच दाखवू नये, कारण पहिले तुकडे अनेकदा कमी दर्जाचे येतात. खूण जवळून, किमान दहा सेकंद स्थिर दाखवावी आणि शेवटी पुन्हा दाखवावी.
• शेतात जाण्यापूर्वी व्हिडिओ वाय-फायवर उच्च दर्जात डाउनलोड करून ठेवावा.
• ब्राउझर व ॲप अद्ययावत ठेवावे.
• पोंग्यातील अळीची खात्री करण्यासाठी व्हिडिओ कॉलऐवजी जवळून काढलेले स्पष्ट छायाचित्र पाठवावे. चारही ठिपके मोजता आले नाहीत, तर फवारणीचा सल्ला देण्यापूर्वी अळी प्रत्यक्ष तपासावी.