उड्डाणापूर्वीचे दोन तास
(सामान्य विज्ञान : पाठटिपण)

हवेचा दाब शिकविताना पाण्याने भरलेला पेला व पुठ्ठा यांचा प्रयोग बहुतेक शाळांतून केला जातो. त्याला जोडूनच व्होस्टोक-१ या यानाच्या उड्डाणापूर्वीची हकीगत सांगावी. मुले ज्वाळांविषयी विचारतील. शिक्षकांनी त्यांचे लक्ष यानाच्या दाराकडे वळवावे.

दि. १२ एप्रिल १९६१ रोजी, तेव्हा सोव्हिएत संघात असलेल्या कझाकस्तानातील बैकोनूर येथे, मॉस्कोच्या वेळेप्रमाणे सकाळी ७ वाजून १० मिनिटांच्या सुमारास यूरी गागारिन यानात बसले. त्यांचे वय २७ वर्षांचे होते. खाली अग्निबाणात केरोसीन व द्रवरूप प्राणवायू भरलेला होता. (केरोसीन म्हणजे रॉकेलच, असे सांगताच वर्गात हशा पिकेल, पिकू द्यावा.) हा प्राणवायू उणे १८३ अंश सेल्सिअसलाच उकळतो व उडून जातो, म्हणून त्यात अखेरपर्यंत भर घालावी लागते.

यानात आपल्या नित्याच्या दाबाचीच हवा होती. बाहेर अवकाशात मात्र जवळजवळ निर्वात. दाराला सूक्ष्म फट राहिली तरी आतील हवा निघून जाणार. सायकलची ट्यूब पाण्यात धरून पंक्चर शोधताना निघणारे बुडबुडे मुलांनी पाहिलेले असतात. तेथूनच सुरुवात करावी.

दार बसवून सुमारे तीस मळसूत्री चाक्या आवळून झाल्या. परंतु दार नीट टेकल्याची खूण देणाऱ्या विद्युत्संपर्कांपैकी एकाचा संकेत आला नाही. येथे शिक्षकांनी थांबावे. पत्र्याचा डबा, बॅटरीचा सेल, छोटा दिवा व तारा घेऊन झाकण पक्के बसताच दिवा लागेल अशी जोडणी करावी. मग मुलांच्या नकळत एकदा झाकण किंचित तिरपे ठेवावे, एकदा तार सैल करावी. दिवा दोन्ही वेळा लागणार नाही. दोष झाकणात की तारेत? मुले वाद घालतील; उत्तर देण्याची घाई करू नये, कारण पाठाचा गाभा हा वादच आहे.

उड्डाणतळावरही प्रश्न हाच होता आणि आत माणूस बसलेला होता. मुख्य रचनाकार सेर्गेई कोरोल्योव्ह यांनी दार काढून पुन्हा बसविण्यास सांगितले व गागारिन यांनाही तसे कळविले. ओलेग इवानोव्हस्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी साऱ्या चाक्या सोडविल्या, संपर्क तपासला, दार पुन्हा बसविले आणि चाक्या एकेक करून आवळल्या. या वेळी संकेत आला. त्यानंतर दार हवाबंद असल्याची तपासणी झाली.

गागारिन यांनी वाट पाहताना संगीत ऐकविण्याची मागणी केली, व ती पुरविण्यात आली. उड्डाण ९ वाजून ७ मिनिटांनी झाले. त्यापूर्वी त्यांच्या नाडीचे ठोके मिनिटाला ६४ नोंदले गेले होते. हा आकडा फळ्यावर लिहून मुलांना आपापली नाडी मोजावयास सांगावी.