चष्म्याचा नंबर आणि लेन्सचा नंबर

बदलीचा आदेश हाती पडला की बँकेतील मनुष्य आधी घराचा, मग मुलांच्या शाळेचा विचार करतो. डोळ्यांचा विचार त्याच्या मनातही येत नाही. नाशिकहून लखनौस रुजू झालो तेव्हा माझेही तसेच झाले. मे महिन्यात तेथे 'लू' हा कोरडा, तप्त वारा वाहू लागतो आणि पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. नाशिकला सुखाने वापरलेल्या कॉन्टॅक्ट लेन्स तेथे दुपारपासूनच टोचू लागत. मग मी त्या काढून नळाच्या पाण्याने धुई आणि पुन्हा बसवी. डोळे लाल होऊन राहू लागले, तेव्हा नेत्रतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "लेन्स घेताना डोळे कोणी तपासले होते?" मी निरुत्तर झालो. दुकानात केवळ चष्म्याचा नंबर सांगून त्या घेतल्या होत्या.

चष्म्याचा नंबर म्हणजे लेन्सचा नंबर नव्हे. चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटर दूर असते. लेन्स मात्र अश्रूंच्या पातळ थरावर विसावते. त्यामुळे उणे ५ चा चष्मा असणाऱ्यास लेन्स उणे ४.७५ ची, तर उणे ८ असल्यास सुमारे उणे ७.२५ ची लागते. शिवाय बुबुळावरील पारदर्शक पडद्यात, म्हणजे कॉर्नियात, रक्तवाहिन्या नसतात. त्यास लागणारा प्राणवायू मुख्यत्वे हवेतून, अश्रूंमार्फत मिळतो. या जिवंत पडद्यावर लेन्स ठेवायची असल्याने तपासणी केवळ नंबराची असून चालत नाही.

तपासणीत काय पाहतात?

प्रथम कॉर्नियाची वक्रता मोजतात. तिची त्रिज्या बहुधा ७.८ मिलिमीटरच्या आसपास असते. त्यानंतर स्लिट लॅम्प या सूक्ष्मदर्शकातून डोळा पाहतात आणि वरची पापणी उलटवून धुळीने वा ॲलर्जीने आत पुरळ आले आहे का, हे तपासतात. मग डोळ्यात फ्लुओरेसीन नावाचा रंग घालून निळ्या प्रकाशात अश्रूंचा थर न्याहाळतात. पापणी न लवता हा थर दहा सेकंदांच्या आत फाटू लागला, तर डोळा कोरडा आहे असे समजतात. शेवटी नमुन्याची लेन्स बसवून काही मिनिटे थांबवतात. पापणी लवताच ती किंचित सरकली पाहिजे. घट्ट लेन्स प्रारंभी जाणवतही नाही. परंतु तिच्याखाली अश्रू खेळते राहत नाहीत. म्हणून लेन्स टोचत नाही, एवढ्यावरून ती योग्य आहे असे मानू नये. माझी लेन्स अशीच घट्ट होती आणि डोळेही कोरडे होते.

कोरड्या हवेत लेन्स का टोचते?

चेकोस्लोव्हाकियातील रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्टरले यांनी १९६१ च्या नाताळात मुलांच्या खेळण्याच्या सुट्या भागांतून घरीच यंत्र जुळवले आणि त्यावर मऊ लेन्स घडवल्या. या लेन्सचा मऊपणा तिच्यात मुरलेल्या पाण्यामुळे असतो. लू वाहत असताना हे पाणी उडते आणि लेन्स डोळ्यावर घासू लागते. त्यात संगणकाकडे एकटक पाहताना पापण्या कमी लवतात आणि कोरडेपणा वाढतो.

यावर उपाय साधे आहेत. कूलर वा एसीचा झोत थेट चेहऱ्यावर घेऊ नये. दुचाकीवर डोळे झाकणारा गॉगल वापरावा. पडद्यावरून अधूनमधून नजर काढून पापण्या पूर्ण मिटाव्यात. लेन्ससह चालणारे थेंब डॉक्टरांना विचारूनच घ्यावेत. होळीच्या दिवशी, जेव्हा लखनौचे रस्ते रंगात न्हाऊन निघतात, तेव्हा चष्माच बरा.

पाणी आणि झोप

नळाच्या पाण्याची माझी सवय ऐकून नेत्रतज्ज्ञ गंभीर झाले. अशा पाण्यात अकँथअमीबा हा सूक्ष्मजीव असू शकतो. तो कॉर्नियात शिरला तर उपचार कित्येक महिने चालतात आणि पांढरा व्रण राहून दृष्टी कायमची अधू होऊ शकते. म्हणून लेन्सला, तिच्या डबीलाही, पाणी लागू देऊ नये. हात साबणाने धुऊन कोरडे करावेत. लेन्स द्रावणाने हलकेच चोळून धुवावी. डबीतील जुन्या द्रावणात नवे न मिसळता ते रोज ओतून टाकावे. डबी द्रावणानेच धुऊन उघडी वाळवावी आणि तीन महिन्यांनी बदलावी. लेन्स घालून झोपल्यास डोळ्यास जंतुसंसर्ग होण्याचा धोका सहा ते आठ पटींनी वाढतो. दुपारची डुलकीही यास अपवाद नाही.

डोळा लाल झाला, दुखू लागला, प्रकाश सहन होईना किंवा धूसर दिसू लागले, तर लेन्स तत्काळ काढावी, पुन्हा घालू नये आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना गाठावे. लेन्स व डबी सोबत न्यावी. जंतू कोणता, हे त्यावरून कळू शकते. लखनौत किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठाचा नेत्ररोग विभाग आहे. औषधाच्या दुकानातून मनाने थेंब आणू नयेत. त्यांत स्टेरॉइड असल्यास संसर्ग बळावतो.

माझे डोळे वेळीच सावरले. काही आठवडे चष्म्यावर काढले आणि नव्याने माप घेऊन, रोज बदलावयाच्या लेन्स घेतल्या. आता वर्षातून एकदा तपासणी करून घेतो. लेन्स वापरणाऱ्या प्रत्येकाने आपल्या चालू नंबराचा चष्मा घरी तयार ठेवावा. तो नसला की लाल डोळ्यातही मनुष्य लेन्सच घालतो, आणि खरे नुकसान तेथून सुरू होते.